भोयरकाकांनी न ऐकलेला शेवट

भोयरकाकांच्या घरी गाणं ऐकून झाल्यावर 'छान आहे' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर ते कॅसेट डेक बंद करायचे, समोरच्याकडे जरा वेळ बघत राहायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "छान मंजे काय? छान तं पोहेही असतात. तू आयकलं काय, ते सांग."

हा अनुभव मला पहिल्याच भेटीत आला. नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला होता. विमा कार्यालयातली नोकरी नवी होती, लग्न व्हायचं होतं, आईवडील भंडाऱ्याला. हुडकेश्वर तेव्हा आजच्याइतकं भरलेलं नव्हतं. दोन घरांच्या मध्ये एखादा रिकामा प्लॉट, त्यात बाभळी, आणि पलीकडे कुणाच्या तरी अर्ध्या बांधकामाच्या सळया वर आलेल्या. सामान लावून झालं त्या रविवारी सकाळी खालून गिटारचा आवाज यायला लागला. एक नाही, दोन-तीन गिटारी एकदम. मी भजनाची किंवा जुन्या सिनेमाच्या गाण्यांची अपेक्षा धरली असती, कारण घरमालक पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला बुक्का लावणारे गृहस्थ होते. थोड्या वेळानं काकू जिन्यात येऊन म्हणाल्या, "चाल वं, काका बोलावून राहिले. चहा हाय, पण आधी त्याइचं गाणं आयका लागते."

खालच्या खोलीत भिंतीला टेकून दोन उंच स्पीकर उभे होते. आतले भाग काकांनी स्वतः जोडलेले, बाहेरच्या सागवानी पेट्या काकूंच्या माहेरच्या, कुहीच्या एका सुताराकडून करून घेतलेल्या. समोर पाचसहा खुर्च्या. कॅसेटींचं मोठं कपाट वगैरे काही नव्हतं. एका ट्रेमध्ये मावतील एवढ्याच कॅसेटी, त्यातल्या निम्म्या काकूंच्या भजनांच्या. दर रविवारी वाजायची ती मात्र एकच. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका रॉक बँडची, त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह. बँडचं नाव काका फारसं घेत नसत. 'आपला बँड' म्हणत.

मी ऐकलं आणि 'छान आहे' म्हटलं. मग वर सांगितलेलं सगळं झालं. काकांनी तेच गाणं पुन्हा लावलं. मला त्या गाण्यातला एक शब्द कळत नव्हता, पण सुटका नव्हती. शेवटी मी घाबरत म्हणाले, की दोन माणसं एकाच वेळी बोलताहेत, पण भांडत नाहीयेत, असं वाटलं. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी आत वळून काकूंना सांगितलं, हिला चहा आण, हिनं ऐकलं.

काका वीजकेंद्रात होते. टर्बाइनवर सगळी नोकरी गेली. उमेदवारीच्या दिवसांत एकदा आईसाठी भजनाची कॅसेट घ्यायला ते सीताबर्डीच्या बाजारात गेले होते. दुकानदार कुणा गिऱ्हाईकाला टेप वाजवून दाखवत होता आणि त्यात ही कॅसेट होती. काका एक बाजू संपेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि भजनाऐवजी ती घेऊन घरी आले. आई काय म्हणाली, असं मी विचारलं होतं. म्हणाले, आईनंही ऐकली. तिला वाटलं हे लोक उपाशी आहेत. 'एवढं वरडून राहिले तं याइले कोणी जेवाले दे,' असं ती म्हणाली होती. काकांनी गोळा केलेलं ते पहिलं मत. तेव्हापासून घरी येईल त्याला गाणं ऐकवायचं आणि मत विचारायचं, ही सवय लागली ती लागलीच.

मत दिलं की वाद घालायचा नाही, हा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. कुणी काहीही म्हणो, ते मान हलवायचे आणि पुढच्याकडे वळायचे. काकूंचे भाऊ गुलाबमामा कुहीहून धान विकायला किंवा दवाखान्याच्या कामानं नागपूरला यायचे आणि रविवार सापडला की खुर्चीत बसवले जायचे. हा दक्षिणेकडचा बँड आहे, असं काकांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामांना तो मद्रासचा वाटला होता आणि बरीच वर्षं ते त्याच समजुतीत गाणी ऐकत होते. मद्रासच्या मानानं यांचा ढोल बरा आहे, असं त्यांचं मत होतं. खरं कळल्यावरही त्यांनी ते बदललं नाही. काकांनीही बदलायला लावलं नाही.

स्वतः काकांचं म्हणणं असं, की ही आपल्याच मुलखाची गाणी आहेत. तिकडेही कापूस, इकडेही कापूस. तिकडेही दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही इतकं ऊन. तिथली माणसंही मोठ्या शहरातल्या लोकांना गावंढळ वाटतात, त्यांच्या बोलण्याला हसतात. "आपल्याले पुण्यात हसतात, तसंच," असं ते म्हणायचे. रागानं नाही, नोंद केल्यासारखं.

धरमपेठेतले देशकर वकील हे या बैठकीतले सगळ्यात जाणकार. त्यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. काकांशी ओळख कुठल्याशा विजेच्या दाव्यात झाली आणि दावा संपला तरी ओळख राहिली. वकीलसाहेबांचा या कॅसेटवरच आक्षेप होता. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर तो नीट मांडला. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह हा बँडनं केलेला नसतो, कंपनीनं केलेला असतो. मूळ तबकड्यांतली गाणी एका क्रमानं येतात, एकातून दुसरं उमलतं. इथे कुणीतरी दुकानदारी वृत्तीनं वेचून ठेवली आहेत. अशा संग्रहावरून बँडबद्दल मत बनवणं म्हणजे दुकानाची काच पाहून घराबद्दल बोलणं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी म्हंता ते खरं असन. पण मले भेटलं ते हे हाय. लग्नातही माणूस थोडासाच दाखवतात. बाकीचा मंग जनमभर पाहात राहा लागते."

स्वयंपाकघरातून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. वकीलसाहेबही हसले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. काकू मात्र या खोलीत कधी बसत नसत. चहाचा ट्रे ठेवायचा, रिकामे कप उचलायचे आणि आत जायचं. त्यांना ही गाणी आवडतात की नाही, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

काकांच्या ऐकण्याच्या नादाची दुसरी बाजू मला बऱ्याच उशिरा कळली. त्यांच्या खात्यातले एक जुने सहकारी एकदा घरी आले होते, त्यांनी सांगितली. टर्बाइनच्या हॉलमध्ये कानांवर जाड आवरण लावून जायचा नियम असतो. आवाजच तसा असतो, शेजारी उभ्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं. सगळे आवरण लावत. भोयर मात्र यंत्राजवळ गेले की एका कानावरून ते सरकवत आणि यंत्राच्या अंगावर हात ठेवून उभे राहत. वरिष्ठ रागावले, समज दिली, तरी थांबले नाहीत. यंत्र बोलतं आणि आपण कान झाकून त्याची विचारपूस कशी करायची, असं त्यांचं उत्तर. सहकारी हे कौतुकानं सांगत होते. काकाही ऐकून हसले. खोलीतल्या कुणालाच त्यात काही वाईट दिसलं नाही.

ते निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते हे, की रविवारचा आवाज वाढलाय. मग काकू घरात नसल्या की दुधवाला घंटी वाजवून वाजवून माझ्याकडे वर यायला लागला. काका बोलताना आपल्या तोंडाकडे बघतात, हेही जाणवायला लागलं. एखाद्या प्रश्नाचं भलतंच उत्तर यायचं. गल्लीतल्या लोकांनी त्याचा अर्थ लावला, की निवृत्तीचा पैसा आला आणि भोयरांना ताठा चढला, हाक मारली तरी वळून बघत नाहीत. काका कुणाला काही सांगत नव्हते आणि काकूंनाही सांगू देत नव्हते, हे मला नंतर कळलं.

एका रविवारी आम्ही चौघंपाच जण बसलो होतो. वकीलसाहेब होते, मामा होते. कॅसेटची पहिली बाजू संपली आणि डेकचं बटण आपोआप उठलं. खोली एकदम शांत झाली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येऊ लागला. काका डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरून होती. मान हलत होती. त्यांच्या मनात गाणं चालूच होतं.

आम्ही कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. मग काकू पदराला हात पुसत आल्या, कॅसेट काढली, उलटी केली, लावली आणि आत गेल्या. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं. काकांनी थोड्या वेळानं डोळे उघडले आणि नेहमीसारखं मामांना विचारलं, की सांगा, काय ऐकलं. मामा शेतकरी माणूस, सगळं तोंडावर बोलणारे. त्या दिवशी त्यांनी, ढोल बरा आहे, एवढंच म्हटलं आणि चहाचा कप उचलला.

त्यानंतर काकूंनी हट्टानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. सोबत मी होते. तरुण डॉक्टर होत्या, त्यांनी आलेख दाखवून समजावून सांगितलं. बारीक, उंच आवाज गेले आहेत, ते परत यायचे नाहीत. खालचे जड आवाज अजून आहेत, पण तेही हळूहळू जातील. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिल्यामुळे असं होतं. तुम्हाला कानाला काही देत नव्हते का, असं त्यांनी विचारलं. मी ते काकांना कागदावर लिहून दाखवलं.

काका म्हणाले, "देत होते ना. दोष कोणाचा नाई. मीच काढत होतो. मले आयकाचं होतं."

परतताना रिक्षात काकू बाहेर बघत बसल्या होत्या.

यंत्रं घेतली, दोन्ही कानांची. त्यांनी बोलणं थोडं कळायचं, समोर बसून सावकाश बोललं तर. गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून गाण्याच्या वेळी काका ती काढून ठेवत. स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकवून बसत. ढोल येतो, जाड तारांची गिटार येते, बाकीचं येत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. बैठक मात्र बंद केली नाही. उलट मतं विचारणं वाढलं. आधी ते आमची मतं गंमत म्हणून जमवत असतील, आता त्यांच्यापाशी ऐकायला तेवढंच उरलं होतं.

त्याच सुमारास मी त्यांना मोबाइलवर शोधायला शिकवलं. उद्देश एवढाच, की वेळ जावा. काकांनी सगळ्यात आधी शोधलं ते त्या कॅसेटचं नाव. तो संग्रह अजून विकला जात होता आणि त्याखाली जगभरच्या लोकांनी मतं लिहिली होती. शेकड्यानं मतं. काकांना कुणी खजिना उघडून दिल्यासारखं झालं. रोज सकाळी अंगणातल्या खुर्चीत बसून ते हळूहळू, शब्दाला शब्द लावून ती वाचायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं, फक्त लोकांची बोलीभाषा अडायची, मग मला विचारायचे. कुणी ट्रकचालक होता, त्याचे वडील हीच गाणी लावून ट्रक चालवायचे. एका बाईनं लिहिलं होतं, की नवरा गेल्यापासून तिनं पाचवं गाणं ऐकलेलं नाही, पण संग्रह नवा घेतलाय, कारण जुना झिजला. कुणी फक्त 'छान आहे' लिहिलं असेल तर काका नाराज होऊन पुढे सरकायचे.

एक मत त्यांनी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. कॅसेटच्या वेष्टनावर बँडच्या मागे एक झेंडा होता. काकांना ती इतकी वर्षं नुसती सजावट वाटली होती. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं, की गिटार त्याला आवडते, पण त्या झेंड्याखाली त्याच्या पणज्यांना विकलं गेलं, कापूस वेचायला लावलं गेलं, त्यामुळे हे वेष्टन तो घरात ठेवू शकत नाही. काकांनी मला त्याबद्दल बरंच विचारलं. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, की गुलामगिरी टिकवायला लढलेल्या तिकडच्या राज्यांचा तो झेंडा. "मी म्हणत होतो तिकडेही कापूस, इकडेही कापूस," ते म्हणाले. "वेचणारा कोण, हे इचारलंच नाई." त्यांनी वेष्टनाचा कागद बाहेर काढून टाकला. कॅसेट साध्या डबीत राहिली. पुढच्या रविवारी त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं आणि मगच गाणं लावलं.

आणि मग एका संध्याकाळी ते जिना चढून माझ्याकडे आले. ते वर कधी येत नसत. हातात मोबाइल होता.

"सुनीता, हे पाय," ते म्हणाले. "हा माणूस म्हंते गाणं कापलं."

मी वाचलं. कुणीतरी पाचपैकी एकच तारा देऊन रागानं लिहिलं होतं, की शेवटचं मोठं गाणं या संग्रहात अर्ध्यावर तोडलं आहे. गायचं संपल्यावर गिटारी नुसत्याच वाजत राहतात, तोच या बँडचा प्राण, आणि कंपनीनं जागा पुरावी म्हणून तोच छाटला. ज्यांनी फक्त हा संग्रह ऐकलाय त्यांनी हे गाणं ऐकलेलंच नाही. त्याच्याखाली आणखी बऱ्याच जणांनी होकार दिला होता.

काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासाठी हळू बोलून सांगितलं, की हो, असं दिसतंय. मूळ गाणं बरंच मोठं आहे.

ते खुर्चीवर बसले. त्या गाण्याचा शेवट त्यांना पाठ होता. आवाज हळूहळू लहान होत जायचा आणि काकांची बोटं त्याबरोबर थांबायची. तरुणपणापासून ते तिथेच थांबत आले होते. "मले वाटे थे लोक थकले," ते म्हणाले. "थे तं वाजवूनच राहिले होते."

देशकर वकिलांना अर्थातच हे ठाऊक होतं. रविवारी त्यांनी कबूल केलं, की पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण भोयरांचा त्या गाण्यातला आनंद पाहून सांगवलं नाही. त्या दिवशी मी मोबाइल स्पीकरला जोडला आणि पूर्ण गाणं लावलं. मामाही मुद्दाम कुहीहून आले होते.

काकांनी यंत्रं काढून टेबलावर ठेवली. मग पुन्हा घातली. मग पुन्हा काढली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवले. कॅसेटवरचं गाणं जिथे संपायचं तिथे आम्ही आलो तेव्हा मी हात वर केला. ते बघत होते. गाणं पुढे गेलं. दोन गिटारी, मग तिसरी. काकांनी डोळे मिटले नाहीत. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते, आम्हांला काय होतंय ते बघत होते. मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. ज्या माणसानं ऐकण्यापायी कान घालवले, त्याच्या घरात आम्ही बसून त्याच्या गाण्याचा शेवट ऐकत होतो.

संपल्यावर ते म्हणाले, "सांगा."

वकीलसाहेबांनी सुरुवात केली. कुठली गिटार कधी येते, सूर कसे चढतात, कोण वाजवतं. काकांनी त्यांच्या ओठांकडे लक्ष देऊन ऐकलं आणि मग हात वर केला. हे तुम्हाला आधीच माहीत होतं, आज काय ऐकलं ते सांगा, असं म्हणाले. वकीलसाहेब थांबले. मग त्यांनी सांगितलं, की आजवर हा भाग त्यांना लांबलेला वाटायचा, आज वाटला नाही. मामा म्हणाले, वरच्या पावसानं नाल्याला पाणी येतं तसं वाटलं. येते, येते आणि थांबतच नाही. मग माझी पाळी आली.

तेवढ्यात काकू आल्या. ट्रे नव्हता हातात. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, काकांच्या अगदी समोर ठेवलं आणि त्यावर बसल्या. काकांना ओठ दिसावेत म्हणून वाकून, सावकाश बोलायला लागल्या.

"तो माणूस निघाला हाय," त्या म्हणाल्या. "पायात चपला घातल्या. सगळ्याइले येतो म्हणून सांगतलं. पण दारातून हालून नाई राहिला. तो एक गोष्ट सांगते. मंग दुसरी सांगते. आतल्याइले वाटते, आता गेला. तो पुन्हा वळते. त्याले जावं तं लागते, पण त्याच्यानं जाववत नाई."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "शेवटी जाते काय?" त्यांनी विचारलं.

"शेवटी बी नाई जात. बोलतच असते. आपणच हळूहळू दार लोटून घेतो."

काकांचे हात अजून पेटीवर होते. ते त्यांनी काढले आणि मांडीवर ठेवले.

"तुले हे कवा समजलं?"

"हे आता आयकलं. पण बाकीच्या गाण्याइतही थोच माणूस हाय. भिंतीतून मले सगळं आयकू येते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"इचारलं कवा?" काकू म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकांनी मान खाली घातली. वकीलसाहेब उठले, मामा उठले, मीही वर निघून आले. जिन्यातून मागे पाहिलं तेव्हा दोघं तसेच समोरासमोर बसलेले होते.

त्यानंतर बैठकीत एक खुर्ची काकूंची झाली. समोरची, काकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी. पहिलं मत त्यांचं. त्या बोलताना काका इतक्या एकाग्रतेनं बघायचे, की आम्हांला तिथे असण्याचा संकोच वाटायचा. काकू काही फार कौतुक करणाऱ्या नव्हत्या. एका गाजलेल्या गाण्याबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा माणूस खोटं बोलतो, याला बायकोची आठवण वगैरे काही येत नाही, नुसता तसं म्हणतो. काकांचं ते आवडतं गाणं होतं. ते विचारात पडले आणि मग म्हणाले, मलाही कधीकधी तशी शंका यायची.

एक दिवस काकांनी मला त्यांचंही मत त्या यादीखाली लिहायला सांगितलं. ते सांगत गेले, मी इंग्रजीत टंकत गेले. लिहिलं ते साधारण असं. मी भारतात नागपूरला राहतो. ही कॅसेट मी तरुणपणी घेतली. शेवटचं गाणं कापलेलं आहे हे मला इथे वाचून कळलं, पण तोवर माझे कान गेले होते, त्यामुळे तो भाग मी ऐकलेला नाही. माझ्या पत्नीनं ऐकला आहे. पुढे काकूंचं बोलणं जसंच्या तसं. किती तारे द्यायचे, असं मी विचारलं तेव्हा ते गोंधळले. गाण्याला मार्क देता येत नाहीत, असं म्हणाले. पण तारे दिल्याशिवाय मत जात नव्हतं. शेवटी त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी चार सांगितले. कापलं म्हणून एक कमी.

काही दिवसांनी त्याखाली कुणा अनोळखी माणसानं एक ओळ लिहिली. तुमच्या पत्नीला चौथ्या गाण्याबद्दल काय वाटतं, असं त्यानं विचारलं होतं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. कोण आहे तो, असं त्यांनी विचारलं. माहीत नाही, म्हटलं. त्यांनी भाजी बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि चौथं गाणं लावायला सांगितलं.

मग माझं लग्न झालं आणि मी बदली घेऊन रायपूरला गेले. अधूनमधून काकूंचा फोन यायचा, त्यातून कळत राहिलं. खालचे आवाजही गेले. पेटीवर हात ठेवला तरी काकांना नुसती थरथर कळायची, तिचं गाणं होत नव्हतं. त्यांनी स्वतःच एक दिवस बैठक बंद केली. हुडकेश्वरचं घर भाड्यानं दिलं आणि दोघं कुहीला मामांच्या घराशेजारी राहायला गेले. गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि मग म्हणाल्या, आता घरात खूप शांत झालंय. त्या स्वतःचं वाक्य ऐकून थांबल्या. मुका झाला नव्हता तो माणूस, बहिरा झाला होता. घरातला निम्मा आवाज त्यांचाच होता.

त्याआधी एकदा मी त्यांना पाहिलं होतं. कार्यालयाच्या कामासाठी रायपूरहून नागपूरला आले होते आणि कुहीकडच्या एका गावात जायचं होतं. आमची जीप कुहीच्या आठवडी बाजारात गर्दीमुळे अडकली. समोर भाजीची रांग होती. काकू वांगी निवडत होत्या आणि काका पिशवी धरून उभे होते. खूप वाळले होते, केस पूर्ण पांढरे. कानात यंत्र नव्हतं. आजूबाजूला बाजाराचा सगळा कल्ला होता, भोंगे होते, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. त्यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. काकू वांगं हातात धरून काहीतरी सांगत होत्या. बहुधा विकणारीबद्दलच असावं, कारण मधूनच तिच्याकडे डोळ्यांनी खूण करत होत्या. काका थोडे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, सगळा चेहरा पुढे करून. मी हाक मारायला काच खाली केली, पण मारली नाही. काकूंचं सांगून झालं. काकांना ते पोचायला क्षणभर वेळ लागला. मग ते हसले, आपलं हसणं किती मोठं आहे हे कळत नसलेल्या माणसासारखं, मोठ्यानं. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. काकूंनी त्यांच्या दंडावर हलकेच चापट मारली आणि पुढचं सांगायला लागल्या. गर्दी सुटली, जीप निघाली. मी मागे वळून बघत राहिले तोवर काका तसेच वाकलेले होते.